दोष भाकरीचा नव्हता

आमच्या मोत्याला नवव्या वर्षी खाज सुटली आणि आम्ही त्याची दूध-भाकरी बंद केली. कुत्रा म्हणजे अखेर लांडगाच, हा युक्तिवाद आम्हां शिकल्यासवरल्यांना पटला होता. ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुरस्कारलेला कच्च्या मांसाचा, हाडांचा आहार सुरू झाला. खाज थांबली, धान्याला दोषी ठरवून आम्ही मोकळे झालो.

पुढे जुलाब लागले. कच्च्या मांसातील साल्मोनेला माणसांनाही बाधतो, असे डॉक्टरांनी सांगताच मोत्याला शेजारी घेऊन जेवणाऱ्या ऐंशीच्या आई आठवल्या आणि आम्ही चरकलो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी शिजवलेले मांस, मग भाकरी, शेवटी दूध, असे एकेक देऊन पाहिले. भाकरीने काही झाले नाही. दुधाने आठवड्यात खाज परतली.

२०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेले संशोधन आम्ही नंतर वाचले. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून धान्य त्याच्या देहात मुरले होते. आम्ही मात्र त्याच्यात लांडगा शोधत होतो.

आता आई जेवताना त्याला चतकोर भाकरी मोडून देतात. आम्ही अडवत नाही.