बॉब क्लोज : पिंक फ्लॉइडने मागे सोडलेला गिटारवादक

पिंक फ्लॉइडच्या इतिहासात बॉब क्लोजच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येतो. बँडमध्ये तो जेमतेम वर्षभर होता आणि १९६७च्या मार्चमध्ये बँडची पहिली तबकडी बाजारात आली तेव्हा त्याला बाहेर पडून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. पण त्या एका परिच्छेदाशी थोडे थांबायला हवे. या बँडचा पुढचा सूर कसा घडला, याचे निम्मे उत्तर क्लोजच्या येण्यात आहे आणि उरलेले निम्मे त्याच्या जाण्यात.

क्लोज केंब्रिजचा. बँडमधले त्याचे पुढचे साथीदार सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स यांच्याच शाळेत तो शिकला. सप्टेंबर १९६४ मध्ये तो लंडनला आला आणि हायगेट भागातल्या ३९, स्टॅनहोप गार्डन्स या घरात राहू लागला. माइक लिओनार्ड यांच्या या घरात वॉटर्स आधीपासून भाडेकरू होता आणि बँडच्या तालमीही तिथेच चालत. रिजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी हौसेखातर जमवलेला हा बँड. नावेही सारखी बदलायची. जाझ आणि ब्लूज या दोन्हींत मुरलेला क्लोज आला आणि वॉटर्स गिटार ठेवून बेसकडे वळला. वादक म्हणून क्लोज इतरांच्या बराच पुढे होता. ख्रिस डेनिस हा गायकही त्यानेच आणला. डेनिस हवाई दलात नोकरीला होता. १९६५च्या सुरुवातीला त्याची बदली बहारीनला झाली आणि गाण्याची बाजू बॅरेटकडे आली.

त्या सुमारास वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या एका स्टुडिओत बँडने आपले पहिले ध्वनिमुद्रण केले. 'ल्यूसी लीव्ह' हे बॅरेटचे गाणे आणि स्लिम हार्पोचे 'आय अॅम अ किंग बी' त्यात आहेत. ऐकताना जाणवते ते इतकेच, की ही मुले अमेरिकन ब्लूजवर जीव टाकणारी आहेत. क्लोजची गिटार नेटकी आणि जाणकार आहे. मात्र त्या काळी लंडनमधले कितीतरी बँड याच वाटेने चालले होते, आणि नेटके वाजवणाऱ्यांची तिथे मुळीच वाण नव्हती.

१९६५ मध्येच केन्सिंग्टनच्या काउंटडाउन क्लबमध्ये त्यांना नियमित काम मिळाले. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी, नव्वद-नव्वद मिनिटांची तीन सत्रे. एवढा वेळ भरायला गाणी पुरेनात. तीच तीच गाणी पुन्हा वाजवण्यापेक्षा एकेक गाणे मधल्या वादनाने लांबवता येते, हे तिथे गरजेपोटी उमगले. पुढे पिंक फ्लॉइडची ओळख ठरलेल्या दीर्घ वादनाचे बीज क्लोज बँडमध्ये असतानाच पडले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९६५च्या मध्याला, घरच्यांचा दबाव आणि शिक्षकांचा सल्ला यांमुळे क्लोजने बँड सोडला. मुख्य गिटार बॅरेटच्या हाती आली. क्लोजची तयारी बॅरेटपाशी नव्हती, पण आवाजाशी खेळण्याची त्याची ओढ अनावर होती. तारांवरून सिगारेट लायटर घासावा, बिन्सन कंपनीच्या एको यंत्रातून एकेक सूर घुमवत न्यावा, ठरलेली स्वरसंगती सोडून नुसत्या गोंगाटात शिरावे आणि पुन्हा परतावे. 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' ही जवळपास दहा मिनिटांची रचना अशाच वादनातून उभी राहिली आणि ऑगस्ट १९६७ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमचा ती कणा ठरली. क्लोज राहिला असता तर बँड अधिक सफाईने वाजला असता, पण ब्लूजचा काठ सोडून इतक्या दूर गेला असता असे वाटत नाही. सर्वांत तयारीचा वादक गेला म्हणून उरलेल्या चौघांना तयारीऐवजी कल्पनेवर भिस्त ठेवावी लागली. यात क्लोजला कमी लेखण्यासारखे काही नाही. ज्या पायावरून बँडने ही उडी घेतली, तो बांधण्यात त्याचाही हात होता.

क्लोज पुढे छायाचित्रण आणि मुद्राचित्रणाकडे वळला. गिटार मात्र सुटली नाही. पिंक फ्लॉइडचा नंतरचा गिटारवादक डेव्हिड गिल्मूर याच्या २००६ मधल्या 'ऑन अॅन आयलंड' या अल्बमवर रॅडो क्लोज या नावाने त्याचे वादन आहे. वेस्ट हॅम्पस्टेडची ती ध्वनिमुद्रणेही पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये, अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. तोवर ज्याच्याविषयी बहुतेकांना फक्त वाचायला मिळत होते, त्या क्लोजची पिंक फ्लॉइडमधली गिटार आता कोणालाही ऐकता येते.