मन्सीच्या माळावर

अमेरिकेस जाऊन नायगारा न पाहता परतलेला मी बहुधा एकटाच मराठी प्रवासी असेन. त्याऐवजी मी मन्सी पाहिले. ‘हे कुठे आले बुवा?’ असे तुम्ही विचाराल. इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसहून मोटारीने तासाभराहून थोडे अधिक. वाटेत दुतर्फा मका आणि सोयाबीन. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना हे गाव टोपणनावाने ठाऊक आहे; लिंड दांपत्याने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातले ‘मिडलटाउन’ ते हेच. तिकडच्या गृहिणींना ते मुरंब्याच्या ‘बॉल’ बरण्यांमुळे ठाऊक. आणि आमच्या भाच्याला विमानांमुळे!

गेल्या जुलैत मी गेलो तो एका परिसंवादाच्या निमित्ताने. पण खरी कामगिरी ताईने सोपवली होती. “तीन वर्षं झाली, पोरगा येवल्याला फिरकलेला नाही. तळघरात बसून खेळण्यातली विमानं करतो म्हणे. चाळिशीला आला! तू प्राध्यापक ना? मग समजाव त्याला.” उपदेशाचे व्याख्यान मी विमानातच तयार केले होते.

मन्सीला अमेरिकेतल्या विमान-प्रतिकृती करणाऱ्यांच्या संस्थेचे ठाणे आहे. ही संस्था १९३६ सालची. हजार एकरांहून मोठा माळ, एक संग्रहालय आणि दर उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा. आम्ही पोचलो ते सरावाचे दिवस होते. डांबरी वर्तुळांभोवती माणसे आपापली विमाने पुसत बसली होती, लग्नघरी चांदीची भांडी पुसावीत तशी.

ही विमाने बिनतारी नव्हेत. दोन तारांनी बांधलेली. पोर्टलंडच्या जिम वॉकरने १९४० च्या सुमारास ही तऱ्हा लोकप्रिय केली. मधे माणूस, हातात मूठ, मुठीपासून साठ-पासष्ट फुटांच्या दोन बारीक पोलादी तारा. तारा पंखाच्या आत एका तिकोनी पत्र्याला जोडलेल्या. तो हलला की दांड्यांमार्फत शेपटीची पट्टी वर-खाली होते. मूठ कलवली की विमान चढते, उलट कलवली की उतरते. टेक्ससच्या जॉर्ज ऑल्ड्रिचने १९५२ साली ‘नोबलर’ नावाचे विमान प्रसिद्ध केले. त्यात शेपटीची पट्टी वर गेली की पंखांच्या पट्ट्या खाली जात. त्यामुळे विमान चटकन वळे. त्या घडणीची छाया अजून या खेळावर आहे.

भाचा सांगत होता आणि मी मनातले व्याख्यान विसरत होतो. आतला पंख बाहेरच्याहून किंचित लांब, कारण आतला हळू फिरतो आणि त्याला कमी उचल मिळते. बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा, तारांचे वजन तोलायला. शेपटीचे सुकाणू जरा बाहेर वळवलेले. “हे सगळं कशासाठी, मामा? तारा सैल पडू नयेत म्हणून. तार सैल पडली की मूठ हातात असून नसल्यासारखी.”

लाकूड बाल्साचे, पिसासारखे हलके. प्रत्येक फासळी त्याने हाताने कापलेली, वर कागद, त्यावर लेपांवर लेप आणि प्रत्येक लेपानंतर घासणे. दोन हिवाळे गेले होते.

उड्डाणाआधी विमानाच्या वजनाच्या दहापट जोर लावून तारा ओढून पाहिल्या. मग इंजिन सुरू झाले आणि माझ्या नाकात ओळखीचा वास शिरला. एरंडेल! इंधनात ते मिसळतात. लहानपणी नाक दाबून पाजले जाणारे ते औषध इंडियानात आकाशात उडताना पाहून मला हसू आले.

पाच-साडेपाच सेकंदांत एक फेरी. विमान पाठीवर उलटे झाले, चौकोनी गिरक्या झाल्या, त्रिकोणी झाल्या. दर खेपेस ते जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर येऊन सरळ होई आणि माझा जीव घशाशी येई. मग आली डोक्यावरची आठाची आकृती. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. तारांना झोल पडलेला मलाही दिसला. भाचा धावतच पाच-सहा पावले मागे सरला. तारा ताणल्या आणि विमान वळले. शेवटी ते अलगद उतरले.

तो गवतावर येऊन बसला. हात थरथरत होते.

“आई काय म्हणाली?” त्याने विचारले.

मी निरोप सांगितला. व्याख्यान मात्र दिले नाही.

बराच वेळ तो तारा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “मामा, बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही. दहाव्याला आलो, तेव्हा माळ्यावर त्यांची आसारी दिसली. संक्रांतीला तीन दिवस ते आसारी धरायचे आणि मी पतंग उडवायचो. परत आलो, झोप येईना. तळघरात जाऊन ही पहिली फासळी कापली. घरी जायचं म्हटलं की ती आसारी डोळ्यांपुढे येते.”

ताईला वाटले होते, पोरगा खेळात रमून घर विसरला. मलाही तसेच वाटले होते. आम्ही दोघेही चुकलो होतो.

“आसारी आता कोण धरणार?” तो म्हणाला.

“मी धरीन,” मी म्हणालो. आयुष्यात मी कधी आसारी धरलेली नाही. पण मामाने सगळेच खरे बोलावे असा काही शास्त्राधार नाही.

त्याच रात्री ताईला फोन केला. “समजावलंस का?” तिने पहिलाच प्रश्न विचारला.

“त्यानेच मला समजावलं,” मी म्हणालो. “तू माळ्यावरची आसारी खाली काढून पुसून ठेव. संक्रांतीला येतोय.”

पलीकडे ताई काहीच बोलली नाही. पण तिने फोनही खाली ठेवला नाही.