ओल्या लाकडाचा बूट

आमच्या खानापूरच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मोठी असायची. वाकस, पटाश्या, रंधे, करवती, गिरमिट सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं. झेंडूची फुलं मी आणायची, रांगोळी मी घालायची, पण हत्याराला हात लावायचा तो धाकट्या भावानं. अप्पा कधी रागावून बोलले नाहीत. हसत एवढंच म्हणायचे, ''वाकस पायावर पडला तर लंगड्या पोरीला कोण करून घेणार ग?'' मग मी सोप्याच्या उंबऱ्यावर बसून बघत राही. भाऊ शिकायचा, मी ऐकायची.

पुढे अप्पांनीच भावालाही त्या कामातून उठवलं. ''या हातांना पुस्तक बरं,'' म्हणाले. तो इंजिनियर झाला आणि हॉलंडमध्ये आइंडहोव्हन गावी नोकरीला लागला. मी एम. ए. करून बेळगावात मराठी शिकवू लागले. अप्पांची हत्यारं पेटीत गेली, ती वर्षातून एकदा खंडेनवमीला तेवढी बाहेर निघतात.

२०२३ च्या मे महिन्यात भावजयीच्या बाळंतपणासाठी मी आइंडहोव्हनला गेले. महिनाभर तेल-मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यात दिवस कसे गेले कळलं नाही. (शेगडी कसली, विजेचा हीटर! पण ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी मात्र मी सोडली नाही.) बाळ महिन्याचं व्हायच्या आधी भावजयीची आई आली आणि भाऊ म्हणाला, ''अक्का, आलीस त्या दिवसापासून घरातच आहेस. आता जरा देश बघ.''

पहिल्या रविवारी सगळे जातात तिथंच आम्ही गेलो, आम्सटरडॅमजवळच्या झान्स स्खान्सला. पवनचक्क्या, चीज आणि लाकडी बूट, तिन्ही एकाच ठिकाणी. या लाकडी बुटाला डच भाषेत 'क्लोम्प' म्हणतात, अनेक असले की 'क्लोम्पन'. तिथं यंत्रावर क्लोम्प करून दाखवतात. एका बाजूला तयार बूट नमुना म्हणून फिरतो, शेजारी लाकडाचा ठोकळा फिरतो आणि पातं नमुन्याबरहुकूम ठोकळा तासत जातं. आपल्या खडेबाजारात किल्लीची डुप्लिकेट करून देतात ना, अगदी तसंच. दुसऱ्या यंत्रात आतलं पोकळ होतं. पाच-सात मिनिटांत खेळ खलास. लोक टाळ्या वाजवतात आणि पलीकडच्या दुकानात शिरतात. मीही बाळासाठी चिमुकला पिवळा जोड घेतला. पण परतताना आगगाडीत मला राहून राहून वाटत होतं, यंत्र यायच्या आधी हे कोणी, कसं केलं असेल? भावाला विचारलं. दोन दिवसांनी त्यानं शोध लावला. त्याच्या घरापासून फार दूर नाही, सिंट-ऊडेनरोडे गावाच्या बाजूला एक म्हातारे कारागीर अजून हातानं क्लोम्प करतात, आणि फी भरून येणाऱ्याला अर्धा दिवस शिकवतातही.

हा सगळा भाग ब्राबांत प्रांताचा. सपाट, हिरवा, ओलसर. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच पॉपलरच्या रांगा. त्या दिवसांत पॉपलरचा कापूस उडत होता. आपल्या सावरीच्या कापसासारखाच, पण इतका बारीक की रस्त्याकडेला पांढरी साय धरल्यासारखी दिसे. भावानं सांगितलं, या झाडांच्या रांगांमागे एक जुना हक्क आहे. इथल्या शेतकऱ्याला आपल्या शेतासमोरच्या सार्वजनिक कडेवर झाडं लावायची आणि वाढली की त्यांचं लाकूड आपण घ्यायचं, असा अधिकार शतकानुशतकं होता. सरकारी जागा, शेतकऱ्याचं झाड! आमच्या खानापूर तालुक्यात एक फाटा तोडला तर फॉरेस्टचा गार्ड दारात उभा. असो. सांगायचं म्हणजे, हे पॉपलर पुष्कळसे क्लोम्पनसाठीच वाढवले गेले. आजूबाजूची गावं क्लोम्प करणाऱ्यांची. झाड दाराशी, कारागीर शेजारी, आणि चिखल सगळीकडे.

कारागिराचा कारखाना म्हणजे गोठ्यासारखी लांब पडवी. आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. वास! सागवानाचा नव्हे, शिसवीचा नव्हे, ओल्या, नुकत्या कापलेल्या लाकडाचा तो आंबूस गोडसर वास. अप्पांच्या अंगाला तो येत असे. मी भावाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, पण त्यानंही श्वास ओढून घेतला होता.

म्हातारबुवा सत्तरीचे असावेत. इंग्रजी जुजबी, त्यामुळे भाऊ दुभाषी. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही की क्लोम्प वाळलेल्या लाकडाचा करत नाहीत. पॉपलर किंवा विलो ओला असतानाच मऊ कापला जातो, बूट तयार झाल्यावर मग सावलीत हळूहळू वाळवायचा. आमच्याकडे उलट. लाकूड आधी वर्ष-दोन वर्षं पडू द्यायचं, मग हात लावायचा. 'हशी कट्टिगी' म्हणजे ओलं लाकूड घेऊन कोणी दार करायला आलं तर अप्पा त्याला परत पाठवत.

ओंडक्याचा बुटाच्या लांबीएवढा तुकडा कापून तो उभा फोडायचा. एकेका फाळीचा एकेक बूट. रुंद पात्याच्या आखूड कुऱ्हाडीनं आधी ढोबळ आकार. हे काम त्यांनी मला करू दिलं नाही, स्वतःच केलं. दहा-बारा घाव, आणि ठोकळ्यातून टाच दिसायला लागली, नाक दिसायला लागलं. मग आलं 'पालमेस'. दीड-दोन हात लांबीचं पातं, एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला मूठ. आकडा बाकावरच्या कडीत अडकवायचा, ठोकळा डाव्या हातानं पात्याखाली धरायचा आणि उजव्या हातानं मूठ खाली दाबायची. विळीवर नारळ कापताना नारळ फिरवतो तसा ठोकळा फिरवत राहायचा. त्यांच्या हाताखाली लाकडाच्या चकत्या काकडीच्या कापांसारख्या पडत होत्या.

माझ्या हाताखाली काही पडेना. पातं अर्ध्यात रुतून बसे. जोर लावला की ठोकळा निसटे. चार-पाच खेपांत खांदा भरून आला. म्हातारबुवांनी माझ्या दंडावर बोट ठेवून मान हलवली, हे नाही, म्हणून. मग स्वतःच्या कमरेवर थाप मारली. आणि मला एकदम उंबऱ्यावरून ऐकलेलं आठवलं. अप्पा भावाला सांगत होते, ''रंधा हातानं मारत नाहीत रे, कमरेनं मारतात. हात नुसता धरायला.'' चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य! माझ्यासाठी नव्हतं ते. तरी माझ्याकडेच राहिलं होतं. मी पाय फाकवून उभी राहिले, खांदे सैल सोडले आणि अंगाचा भार मुठीवर टाकला. पहिली चकती निघाली. जाड, वेडीवाकडी, पण निघाली. ''अक्का!'' भाऊ ओरडला.

त्यालाही म्हटलं, तू कर. त्यानं दोन घाव घातले. माझ्यापेक्षा बरे पडले, हात मुळात त्याच्यात होताच. पण लगेच मूठ माझ्याकडे दिली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. का, ते मी विचारलं नाही.

बाहेरचा आकार झाला की बूट बाकाच्या खाचेत पाचरी मारून घट्ट बसवतात आणि आत पोकळी करतात. त्यासाठी चमच्यासारख्या तोंडाचं गिरमिट, लहानापासून मोठ्यापर्यंत. आडव्या दांड्याला दोन्ही हात घालून फिरवायचं. सगळी कसोटी इथं आहे. आतलं दिसत नाही. कुठं किती लाकूड राहिलंय ते बोटांनी चाचपायचं. आणखी दोन वेढे दिले तर पाय नीट बसेल, की दोन वेढ्यांत आरपार जाईल, हे कुठल्याही पट्टीवर लिहिलेलं नसतं. म्हातारबुवा एक वेढा देत, बोट घालत, पुन्हा एक वेढा. मी मात्र आता जमलं म्हणून रंगात आले होते. नाकाजवळ एक वेढा जास्त दिला आणि गिरमिटाचं टोक बाहेर डोकावलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारबुवा मात्र खो खो हसत काही बोलले. भावानं भाषांतर केलं, ''आता माझा क्लोम्पच फुटला!'' डच भाषेत आश्चर्याचा कळस झाला की असं म्हणतात. भाषेची मास्तरीण मी, त्या भोकाचं दुःख विसरून आणखी म्हणी विचारू लागले. एखादी गोष्ट अगदी उघड असली की ती 'पायात क्लोम्प असतानाही कळते' म्हणे! माणूस रोज वापरतो त्या वस्तू भाषेत अशा येऊन बसतात. 'कै केसरादरे बाई मोसरु' ही आपल्याकडची कन्नड म्हण मी त्यांना सांगितली, हात चिखलात गेला तर तोंडाला दही. ती त्यांना फार आवडली. चिखल त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

चिखलाचीच तर ही पादत्राणं. देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली, उरलेल्यातलाही पुष्कळ पाणथळ. चामडं महाग, त्यात भिजून कुजणारं. लाकूड ओल आत येऊ देत नाही, थंडीत पाय गरम राहतो, गाईचा पाय पडला तरी बोटं शाबूत. आम्सटरडॅममध्ये सापडलेला एक क्लोम्प इ. स. १२३० च्या सुमाराचा आहे, तो अल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाचा. दुसऱ्या महायुद्धात चामडं मिळेना तेव्हा लाकडी बुटांना पुन्हा मागणी आली. युद्धानंतर रबरी बूट स्वस्त झाले आणि हा धंदा बसत गेला. तरी बागकाम करणारे, गोठ्यात राबणारे काही जण अजून ते घालतात. युरोपच्या नियमांत क्लोम्पला सुरक्षा-पादत्राण म्हणून मान्यताही आहे, म्हणजे कारखान्यातल्या लोखंडी टोकाच्या बुटांच्या पंक्तीला हा बसतो.

आपल्याकडेही लाकडी पादत्राण आहेच. मराठीत खडावा, कन्नडमध्ये हावुगे. अप्पांनी एका मठाच्या स्वामींसाठी हावुगे केल्या होत्या तेव्हा ते आठवडाभर एकभुक्त राहिले होते, आणि झालेल्या जोडाला आईनं हळदकुंकू वाहिलं होतं. त्या घालून कोणी शेणात जाईल हे मनातसुद्धा येत नाही. तिथं मात्र पडवीच्या दाराशी म्हातारबुवांचा स्वतःचा जोड पडलेला होता, टाचेला वाळलेलं शेण लागलेला.

कॉफी पिताना त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय करतात? भाऊ क्षणभर थांबला आणि म्हणाला, ''टिमरमान.'' म्हणजे सुतार. म्हातारबुवांनी कप खाली ठेवला. माझा हात हातात घेऊन तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. मग भावाचा पाहिला. सुताराच्या मुलांचे हात असे कसे? मी म्हटलं, मी खडू धरते. भावानं काय उत्तर दिलं ते डचमध्ये होतं, मला समजलं नाही. त्यावर म्हातारबुवा म्हणाले, माझाही मुलगा शहरात कॉम्प्युटरवर बसतो. मग तिघंही आम्ही कॉफी प्यायलो.

जोड काही झाला नाही. एकच बूट झाला, डाव्या पायाचा, नाकाला भोक असलेला. तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि बजावलं, सावलीत ठेवा. मी शहाणी! जून महिन्याचं ते कोवळं ऊन, त्यानं काय होतंय, असं म्हणून दोन दिवस गॅलरीत ठेवला.

जूनच्या अखेरीस खानापुरात पाऊस लागला होता तेव्हा मी अप्पांच्या पुढ्यात तो बूट ठेवला. बाळाचे फोटो आधीच बघून झाले होते. त्यांनी चष्मा लावला. बूट वजनाला तोलला, नखानं टोकरला. ''पांगाऱ्यावाणी आहे की लाकूड.'' मग आत हात घालून चाचपत गेले, जाड-बारीक बघत. भोकाशी पोचले तेव्हा बोट बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

''हे कुणी केलं?''

''मी.''

''तू?'' बराच वेळ बूट फिरवत राहिले. टाचेला उभी चीर गेली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. ''उन्हात घातलीस न्हवं?''

''दोनच दिवस.''

''ओलं लाकूड. दोन दिवस लई झाले त्याला.'' बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं. त्यांनी बूट मांडीवर घेतला, भोकाचा अदमास घेतला आणि म्हणाले, ''फणसाची एक खुंटी मारतो हितं. जा, पेटीतला वाकस आण जा.''

मी आत गेले. पेटीचं झाकण उघडलं. वाटलं होतं त्याच्यापेक्षा तो जड निघाला. दोन्ही हातांनी उचलून सोप्यात आले, तर अप्पा तिथूनच म्हणाले, ''धारंकडनं धरू नको ग.''