देठासकट

फळबागेत गिऱ्हाइकाने स्वतः शिरावे, हवी तेवढी फळे आपल्या हातांनी खुडावीत, आणि निघताना वजन करून पैसे मोजावेत, या पद्धतीला अमेरिकेत 'यू-पिक' म्हणतात. आमच्या वडिलांना कुणी ही कल्पना ऐकवली असती तर ते पोट धरून हसले असते. वसईच्या वाडीत फळे उतरवणे हे शाळेतून आल्यावर चुकवता न येणारे काम होते. ते करून वर पैसे देणारा माणूस त्यांच्या मते शहाण्यांत मोडला नसता.

माझ्या मुलीचे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात आहे. तिच्याकडे गेले असता 2024 च्या मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही ब्रेंटवूडला गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस, गाडीने तास-दीड तासावर हे गाव आहे. त्या सोमवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी असते आणि चेरीच्या हंगामातली सर्वांत मोठी गर्दी त्याच दोन-तीन दिवसांत लोटते. 1990 साली ब्रेंटवूडची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. 2020 च्या गणनेत ती चौसष्ट हजारांवर गेली. हे आकडे जावयांनी सांगितले तेव्हा मला आमची वसई आठवली. 2009 साली आमची महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. मोठ्या शहराच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याचे नशीब, समुद्राच्या या काठाला काय आणि त्या काठाला काय, फारसे वेगळे नसते.

रस्त्याच्या एका बाजूला एकसारख्या छपरांची नवी घरे आणि दुसऱ्या बाजूला चेरीच्या रांगा, अशा सीमेवर ती बाग होती. एका कुटुंबाची, तिसऱ्या पिढीची. दाराशी तराजू मांडून साठीची मालकीणबाई बसली होती आणि तिचा नवरा रांगांमधून फिरत तीन पायांच्या शिड्या नीट लावून देत होता. बादल्या देताना बाई प्रत्येकाला दोन गोष्टी सांगे. पहिली, बागेत हवे तेवढे खा, पैसे फक्त बादलीतल्या फळांचे. (मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्याविषयी साधारण असाच नियम आहे, हे वाचकांना आठवेल.) दुसरी गोष्ट सांगताना मात्र ती खुर्चीतून उठून उभी राही. एक डहाळी हातात धरून ती दाखवी, की फळ देठासकट, हलके वर पिरगाळून काढा. खाली ओढू नका.

यात फळापेक्षा झाडाची काळजी अधिक आहे. चेरीचे देठ ज्या आखूड, गाठीसारख्या खुंटीतून निघतात, त्या खुंटीवरच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरू लागलेल्या असतात. एकेक खुंटी वर्षानुवर्षे फळते. घाईने फळ ओरबाडले की ती मोडून येते आणि त्या जागी पुन्हा फळ धरत नाही. म्हणजे दार उघडून बसलेली ही बाई अनोळखी माणसांच्या हाती यंदाचेच पीक देत नव्हती, पुढची कित्येक पिकेही सोपवत होती. माझ्या आठ वर्षांच्या नातीने पहिल्याच झटक्यात दोन पाने आणि एक खुंटी हातात आणली. मी तिला झेल्याने आंबा उतरवण्याची गोष्ट सांगितली. आंबाही देठ ठेवूनच काढावा लागतो, नाहीतर चीक फळावर ओघळून साल काळवंडते. "आजी, मग तुमच्याकडे पण लोक बादल्या घेऊन येतात?" तिने विचारले. मी उत्तर दिले नाही.

गर्दी थोडी ओसरल्यावर मी मालकीणबाईंपाशी जाऊन बसले. मजूर मिळत नाहीत, म्हणून हा मार्ग धरला, असे त्या म्हणाल्या. चेरी हे विलक्षण नाजूक पीक आहे. केळीचा घड हिरवा उतरवून पिकत घालता येतो; चेरी झाडावरून उतरली की पुढे पिकत नाही, त्यामुळे अख्खी बाग थोड्या दिवसांत रिकामी करावी लागते. हिवाळ्यात पुरेशी थंडी पडली नाही तर फळच धरत नाही. 2014 साली त्या राज्यात तसेच झाले. आणि पिकायच्या सुमारास पाऊस आला तर पाणी देठाजवळच्या खळगीत साचते, साल ते शोषून घेते आणि फळ उकलते. पाऊस थांबल्यावर फळांवरचे पाणी उडवण्यासाठी बडे बागाइतदार चक्क हेलिकॉप्टर भाड्याने आणून झाडांवरून फिरवतात! "आम्ही प्रार्थना करतो, ती स्वस्त पडते," बाई हसून म्हणाल्या.

आमच्या बादलीत होती ती काळपट लाल 'बिंग' चेरी. हे नाव एका चिनी मुकादमाचे. ओरेगन राज्यात मिल्वॉकी गावी सेठ ल्युएलिंग यांच्या बागेत 1875 साली ही जात निघाली आणि आह बिंग या मुकादमावरून तिचे नाव पडले. तो पुढे घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि चिनी मजुरांना बंदी करणाऱ्या 1882 च्या कायद्यामुळे त्याला परत येता आले नाही, असे सांगतात. फळ राहिले, खुडणारा बाहेर. सेठ यांचे भाऊ हेंडरसन यांनी 1847 मध्ये सुमारे सातशे रोपे बैलगाडीतून ओरेगनला नेली होती. नंतर ते कॅलिफोर्नियात आले आणि आजच्या ओकलंड शहरात त्यांनी जिथे बाग केली, त्या भागाला 'फ्रूटव्हेल', म्हणजे फळांचे खोरे, असे नाव पडले. आज तिथे रेल्वे स्थानक आहे, दुकाने आहेत, दाट वस्ती आहे. आमच्या मुंबईतल्या फणसवाडीत फणस शोधायला जावे, तसेच ते.

बाईंचा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. घरे बांधणारे दरवर्षी येऊन भाव सांगून जातात. "विकणार का?" असे मी विचारले नाही, पण त्याच बोलल्या. नवऱ्याचे गुडघे चालतात तोवर नाही, म्हणाल्या.

मला हे ऐकणे जड गेले, कारण निघण्यापूर्वी माझ्या भावाने मला काही कागद दाखवले होते. आमच्या वाडीत आता राजेळी केळी नाहीत. त्यांची सुकेळी घालणारी आईही नाही. बावखलाचा अर्धा भाग बुजला आहे. जव्हारकडून येणारे मजूर इमारतींच्या कामावर जातात, नारळ पाडायला माणूस महिना महिना मिळत नाही, आणि जांभळे झाडाखाली पडून सडतात. भाऊ एकटा आहे, थकला आहे. विकण्याचा विचार त्याने एकट्याने केलेला नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार, लग्न होऊन बाहेर पडलेल्या आम्हा बहिणींना तर मुळीच नाही. फक्त आमच्या सह्या हव्या आहेत.

त्या रात्री त्याचा फोन आला. चेरीची हकिकत मी सविस्तर सांगितली. त्याने लगेच पौंडाचे किलो आणि डॉलरचे रुपये केले, आणि काही वेळ गप्प राहिला.

"ताई, लोक झाडे मोडत नाहीत?"

"थोडी मोडतात," मी म्हटले. "ती बाई रोज उभी राहून शिकवते."

"आपली जांभळे असे कुणी उतरवील?"

एका रविवारी पाहा, मी म्हटले. शाळेतली मुले बोलाव, शिडी भक्कम घे, जांभळाची फांदी ठिसूळ असते. तो हसला. मुलांच्या कपड्यांना डाग पडतील आणि त्यांच्या आया आपल्याला शिव्या घालतील, म्हणाला. कागदांचे काय, हे त्या रात्री त्याने विचारले नाही, आणि मीही काढले नाही.