जागलीवर ऐकलेला निंजा

वाचकहो, पुस्तक बरे की वाईट हे सांगायला पुण्या-मुंबईचा समीक्षकच लागतो असे काही नाही. आमच्या झाडीपट्टीत धान निसवले की रानडुकरे बांधीत उतरतात, आणि मग महिना-दीड महिना घरटी एक माणूस तरी रात्री जागलीला जातो. माचावर बसायचे, मधूनमधून डबा बडवायचा, आरोळी ठोकायची आणि झोप लागू द्यायची नाही. या झोपेवरचा उतारा म्हणून आमच्याकडे रहस्यकथा वाचल्या गेल्या. कंदिलाच्या उजेडात एकाने वाचायचे आणि शेजारच्या माचांवरच्या तिघा-चौघांनी येऊन ऐकायचे. त्या रात्री कोणाचे धान डुकरांनी खाल्ले ते सकाळी कळायचे.

बाबुराव अर्नाळकर तर सर्वांच्या ओळखीचे. हजारावर पुस्तके लिहिली त्यांनी. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड आमच्या गावात नातेवाइकांसारखे वावरत. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. आणि १९८० नंतर केव्हातरी नागपूरला कृषी महाविद्यालयात शिकणारा गावचा एक मुलगा सुट्टीत इंग्रजी जाडजूड पुस्तक घेऊन आला. एरिक व्हॅन लस्टबाडर या अमेरिकन लेखकाची 'द निंजा' ही १९८० सालची कादंबरी. मोठ्या माणसांनीच वाचावी अशी. तो रोज रात्री थोडे वाचायचा आणि मराठीत सांगायचा. पाच-सहा रात्री पुरली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. निकोलस नावाचा माणूस, बाप इंग्रज कर्नल, आई पूर्वेकडची, लहानपण जपानात गेलेले. तो अमेरिकेत राहतो आहे आणि तिथे एकामागून एक खून पडू लागतात. ते जपानी गुप्त युद्धविद्येने केलेले. मारेकरी निघतो त्याच्याच नात्यातला सायगो. दोघे एकाच गुरुकुलात शिकलेले, आणि तिथलेच वैर.

आता आमच्या मंडळींचे अभिप्राय ऐका.

पहिला आक्षेप पाचोळ्याचा. काळे कपडे घातलेला माणूस झाडीतून येतो आणि आवाज म्हणून होत नाही, हे ऐकून मोहफुले वेचणाऱ्या एका म्हाताऱ्याने हातच वर केला. सागाची पाने गळाली की वाळून पापडासारखी होतात. त्यावरून मुंगूस गेले तरी वाघ आल्यासारखे वाटते. "तुझ्या त्या माणसाला म्हणा, पहिला पाऊस पडून पाने भिजू दे, मग ये," तो म्हणाला. दुसऱ्याने वाऱ्याचे विचारले. माणसाचा वास वाऱ्याने पुढे जातो, गावचे कुत्रे कसे भुंकले नाही? पुस्तकात याचे उत्तर नव्हते. गोष्ट न्यूयॉर्ककडची, तिथे ना सागाचा पाचोळा ना मोकळे कुत्रे, असे सांगून मुलाने वेळ मारून नेली.

काळ्या कपड्यांचेही कोणाला पटेना. "चोर काय असा सोंग घेऊन येतो? तो तुमच्या-माझ्यासारखा येतो, पाणी मागतो, घर पाहून जातो." हा अभिप्राय मी विसरलो नाही, कारण पुढे वाचनात आले ते नेमके हेच. जपानात इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतले हे लोक मुळात हेर. शेतकरी, साधू, फिरता व्यापारी अशा वेषात ते शत्रूच्या मुलखात शिरत. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांबद्दल वेषांतराच्या गोष्टी सांगतात, त्याच जातीचे काम. इगाचे लोक बरेचसे लहान जमीनदार आणि शेतकरीच होते. १५८१ साली ओदा नोबुनागाने मोठी फौज घालून तो मुलूख उद्ध्वस्त केला. काळा पोशाख नाटकाच्या रंगभूमीवरून आला असे अभ्यासक मानतात. जपानी नाटकात रंगमंचावर सामान हलवणारे काळ्या कपड्यांत वावरतात आणि प्रेक्षकांनी ते दिसत नाहीत असे समजायचे असते. रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हत्यारांची मात्र सर्वांनी आवडीने चौकशी केली. जपानात साखळी लावलेला विळा लढाईत वापरत असत, हे मी आता सांगू शकतो. तेव्हा नुसते 'विळा' म्हटल्यावर चार जणांनी आपापले विळे कंदिलापाशी धरून पाहिले.

पण खरा जीव जडला तो दोघा भावांच्या वैरावर. कराटे गेले बाजूला. एका गुरूने एकाला जवळ केले, दुसऱ्याला सलले, आणि पंधरा-वीस वर्षांनी समुद्रापार जाऊन त्याचा हिशेब सुरू झाला, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. धुऱ्याच्या वादातून तिसऱ्या पिढीपर्यंत न बोलणारी घरे याच गावात आहेत. ऐकणाऱ्यांत असे दोघे भाऊबंद होते. ते वेगवेगळ्या बाजूंना बसून एकच गोष्ट ऐकत होते.

राहिला प्रश्न त्या 'मोठ्यांच्या' पानांचा. मुलगा ती गाळून सांगे आणि मंडळी गाळलेले बरोबर ओळखत. पुढे ते पुस्तक गावच्या वाचनालयात ठेवावे की नाही यावर वाद पेटला. आठवी-नववीची मुले त्याच कपाटाला हात घालतात, त्याचे काय, हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. कोणी म्हणाले, असली पुस्तके बंबात घाला. मराठीला हा वाद नवा नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सात वर्षे एका गोष्टीपायी! माझे मत तेव्हाही हेच होते की मोठ्यांसाठी वेगळे कपाट करा, किल्ली ग्रंथपालाकडे ठेवा, पण जाळू नका. पुस्तक जाळायची सवय लागली की हात त्या एकावर थांबत नाही. आमच्या वहिनीने मात्र वेगळाच मुद्दा काढला. तिने गोष्ट घरात ऐकली होती. तिने विचारले, "त्या बाईला वाट पाहण्याखेरीज काही काम आहे का पुस्तकात?" समितीतल्या कोणालाच उत्तर देता आले नाही.

कपाट झाले. पण ते फारसे उघडले गेले नाही, आणि त्याचे कारण कुलूप नव्हे. त्याच सुमारास, १९८० पासून, नक्षलवाद्यांची दलमे आमच्या जंगलात येऊ लागली होती. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढची कितीतरी वर्षे रात्री दारावर थाप पडली की घरातला दिवा आधी विझे. कधी बंदूकधारी, कधी त्यांच्या मागावरचे पोलीस. अंधारातून आवाज न करता येणारा माणूस ही करमणुकीची गोष्ट राहिली नाही. आतल्या गावात लेक दिलेल्या एका बाईने मला सांगितले, "भाऊ, पुस्तकात मरतो त्याला माय नसते. म्हणून वाचवते."

यावर मी पुष्कळ विचार केला. अर्नाळकरांच्या पुस्तकात खून झाला तरी शेवटी कोणी केला ते कळते, आणि वाचणारा सुखाने झोपतो. आमच्या काही गावांत कोणी केले हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. तिथे रहस्यकथा काय चालणार?

अलीकडे मुले मोबाइलवर निंजाच्या मारामाऱ्या पाहतात. शेतांना झटका मशीन बसले आहे, आणि वाघांची संख्या वाढल्यापासून आमच्याकडे रात्री एकटे माचावर जाणेही धोक्याचे झाले आहे. तरी वाचनालयाच्या रजिस्टरात काळा पहाड अजून दिसतो. नेणाऱ्यांत बाया अधिक आहेत.

तुमच्या गावी जागलीवर काय वाचत होते, आणि ऐकणाऱ्यांनी कोणत्या पुस्तकाची कशी परीक्षा केली, ते मला जरूर लिहून कळवा. पाचोळ्याच्या आक्षेपाला कोणा लेखकाने उत्तर दिले असेल तर तेही कळवा. तो म्हातारा आता नाही, पण त्याचा नातू विचारत असतो.