दोन बोटे पाणी

वेरूळच्या दहाव्या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ असे जुने नाव आहे. छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटरवरचे हे बौद्ध चैत्यगृह. आत मान वर केली की कमानीसारखे वाकलेले दगडी वासे दिसतात. वास्तविक कातळात खोदलेल्या छताला वाशांची गरजच नसते. हे वासे काहीही पेलत नाहीत. लाकडी बांधणी कशी असे, याची ती दगडात जपलेली आठवण आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात तशा खऱ्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही छताला आहेत. वेरूळच्या या लेण्यातील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार तिची पूजा करीत, अशी नोंद फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८०च्या ग्रंथात आहे.

दगडाला आकार देणाऱ्या टाकीला मराठीने मान दिला. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण शाळकरी निबंधांपासून निरोप समारंभांपर्यंत सर्वत्र हजर असते. (तिच्यावर काही वर्षे बंदी घालावी, असे माझे मत आहे.) लाकूड घडवणाऱ्या पटाशीच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात गुलमंडीमागच्या आमच्या जुन्या घराच्या चौकटीचा पाय वाळवीने पोखरला. सत्तरीकडे झुकलेले सुतारकाका आले. सडलेला भाग कापून तिथे नव्या सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा होता. कापणी यंत्राने झाली. खाचेचे कोपरे मात्र हातानेच काढायचे होते. दुकानातून आणलेल्या चकचकीत पटाशीची धार जुन्या सागाच्या गाठीवर दोनदा मुडपली. तेव्हा काकांनी गोणपाटात गुंडाळलेली एक काळी पटाशी बाहेर काढली.

“हिला पाणी बरोबर बसलंय, मॅडम.”

पाणी! माणसाचे पाणी जोखणे, पाणीदार बाणा, प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजणे; हे सारे वर्गात शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली. इथे तोच शब्द हत्यारासाठी आला होता. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळायचे आणि पुन्हा हलकेच तापवायचे. उजळलेल्या अंगावर गवताळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा असे रंग सरकत जातात. हवा तो रंग धारेपाशी आला की तिथेच थांबवायचे. सारे कसब त्या थांबवण्यात. साध्या लोखंडी सळईला कितीही बुडवा, पाणी चढत नाही. त्यासाठी पोलादात पुरेसा कर्ब लागतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो असतो.

काकांची पटाशी अशाच पाट्याची. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर घिसाडी कुटुंबे पाल ठोकून उतरत. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसे, बाई उभी राहून घण घाली. काकांचे वडील समोर उकिडवे बसून आपल्या अंगठ्याशी रुंदी ताडून घेत. म्हणजे हे हत्यार एका विशिष्ट हाताच्या मापाने, तो हात समोर असताना घडले.

बलुतेदारीच्या आठवणी आपण फार हळवेपणाने काढतो. सुताराला आणि गावच्या लोहाराला सुगीत धान्य मिळे, ते मिळवण्यासाठी खळ्यावर ताटकळावेही लागे. पण गावात त्यांचे घर तरी होते. घिसाड्याला तेवढेही नव्हते. ज्या हत्यारांनी गावाच्या चौकटी घडल्या, ती घडवणारी बाई स्वतः चौकट नसलेल्या पालात राहत होती. वेरूळच्या त्या दगडी वाशांखाली पुन्हा उभी राहिले, तेव्हा मला सुताराच्या आधी ती आठवली.

काकांचा मुलगा प्लायवूडची कपाटे बसवतो. त्याला बॅटरीवरचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. पटाशी खंडेनवमीला पाटावर मांडली जाते, एरवी गोणपाटात असते. काका तिला धार लावायला कुणाच्या हाती देत नाहीत. कारण पाणी पात्याच्या पुढच्या भागालाच दिलेले असते. धार लावता लावता पाते झिजते आणि एक दिवस मऊ पोलाद लागते. मग पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी.

चौकट बसली. पैसे मोजून घेतल्यावर काकांनी पात्यावर बोटे आडवी धरून दाखवली.

“एवढं दोन बोटं पाणी उरलंय. माझ्यापुरतं होईल.”