पाच जणी आणि एक निकाल

8 जुलै
शनिवारी अभ्यासवर्गात स्त्रीवादी सिद्धांतांची ओळख करून द्यायची आहे. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल अशी गाठोडी बांधून दिली की मुली वहीत उतरवून मोकळ्या होतात. यंदा थेट खटल्यापासून सुरुवात.

9 जुलै
जनरल मोटर्सचा खटला, निकाल 1976 चा. पाच कृष्णवर्णीय बायका फिर्यादी. 1964 पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय बाईला कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, ज्येष्ठतेनुसार कपात झाली आणि 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका घरी बसल्या. नियम कसा, अगदी चोख! कोर्ट म्हणालं, बाई म्हणून डावललं म्हणता, तर कंपनीत बायका होत्याच की. (होत्या, गोऱ्या.) वर्णामुळे म्हणाल, तर तसा दुसरा दावा चालू आहे, त्यात जा. दोन्ही एकत्र धरून दाद मागायची सोय नाही. किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये हाच निकाल उलगडून 'इंटरसेक्शनॅलिटी' मांडली. व्याख्या नंतर सांगेन. आधी मुलींना या निकालाची चीड येऊ दे.

11 जुलै
ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हेही 1989 चंच. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेलं. लोक ते इतिहासाच्या कपाटात ठेवतात. मी सिद्धांताच्या यादीत घातलं.

12 जुलै
गोपाळ गुरूंचा 1995 चा लेख: दलित स्त्रिया वेगळं बोलतात, कारण बाहेरून सवर्ण स्त्रीवाद आणि आतून दलित पुरुष, दोघंही त्यांच्या वतीने बोलतात. त्यावर शर्मिला रेगेंचा 1998 चा. वेगळेपण मान्य करून हात झटकणं त्यांना मंजूर नाही. दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नका, पण त्यांच्या जागेवरून जग पाहायला शिका आणि स्वतः बदला, हे त्यांचं म्हणणं. मला रेगेंचं पटतं, कारण ते जड जातं.

13 जुलै
2013 साली रेगे आजच्याच तारखेला गेल्या. वर्गात तेवढं सांगून खटल्याकडे वळले. चीड आली, पण गाडी भलतीकडेच गेली. 2023 च्या महिला आरक्षण कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांसाठी जागा आहेत, मग ओबीसी बायकांसाठी का नाहीत, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, ''आधी बायका तर जाऊ देत आत.'' ''कुठल्या बायका?'' पहिलीने तिथेच धरलं. शिपाई कुलूप घेऊन उभा, तरी दोघींचं संपेना. पुढच्या शनिवारी जुडिथ बटलर घ्यायची होती. आता तो कायदाच मुळातून वाचू, बटलर थांबेल.